पुढच्या खोलीतला खड्डा

शके १७८६, कार्तिक शुद्ध १२

आज घर पाहिलं. अमरावतीच्या परकोटाच्या आत, विणकरांच्या बोळीत. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, पुढं एक खोली, मागं चूल, अंगणात कडुनिंब. आड शेजारच्या तेलिणीचा अन् या घराचा सामाईक. घर जुनं आहे. पुढच्या भिंतीले पोट सुटलं आहे, माझ्यासारखं. मी म्हटलं, हेच घ्या.

माझा पोरगा मारोती चाट पडला. म्हणे, माय, दुसरं पाहू ना, नवं. मी म्हटलं, नवं पाहत बसलास तर कापसाचा भाव उतरेल अन् तुझ्या बैलबंड्या रिकाम्या उभ्या राहतील. आज आहे तर घे.

(मारोती पूर्ण लिहायले कागद जातो. पुढं मा. लिहीन. कागद अडत्याच्या दुकानातले आहेत, एका बाजूनं कोरे. अक्षरं लहानपणी रिद्धपूरच्या मठात शिकली, तेवढीच. चुकलं तर चुकलं, वाचणारी मीच.)

कार्तिक पौर्णिमा

सारे कौंडण्यपूरच्या यात्रेले गेले. सून गंगाही जायचं म्हणे. जा म्हटलं. मी भिंती ठोकून पाहायले गेली.

ठोकल्या. मागची भिंत पक्की. पुढची दोन ठिकाणी पोकळ वाजते. छपराचे मयाल सागाचे आहेत, कीड नाही.

घर मोमिनांचं, मुसलमान विणकरांचं. म्हातारी रहिमनबी, तिचा पोरगा इस्माईल, त्याची बायको. पुढच्या खोलीत माग मांडलेला. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून इस्माईल बसलेला. मागावर सूत नाही, एक धागा नाही. तरी बसून. मी इचारलं, काय करून राहिला बापा? तो म्हणे, कुछ नहीं बाई. आदत है.

तिकडं कुठं समुद्रापलीकडं साहेब लोकांची लढाई लागली म्हणून आपल्या कापसाले सोन्याचा भाव. सारा कापूस बंडीत बसून मुंबईले जाते. सूत कोण कातेल अन् कोण विकत घेईल. अमरावतीच्या रस्त्यावर रुई उडते, कडुनिंबाले लटकते, अन् विणकर मोकळा बसते.

कार्तिक वद्य ४

घर झालं. कागदावर मा.नं अंगठा देला. मी म्हटलं, मी सही करते, मले येते. कारकून हसला. हसू दे.

रहिमनबीनं जाताना सारं घर झाडून देलं. चूल सारवली. विकलेल्या घराची चूल सारवणारी बाई मी पयल्यांदा पाहिली. मंग मले पुढच्या खोलीत घेऊन गेली. म्हणे, "बाई, एक बात सुन. ये खड्डा मत भर. रुई सस्ती हुई के हम आयेंगे. किराया देंगे, यहींच बैठेंगे."

मी म्हटलं, "खड्डा कुठंही खंदता येते. त्याले काय."

"मेरे ससरे ने खोदा. फिर मेरा मरद बैठा, अब ये. हमारे घर के पाँव इसमें बैठते."

मंग हसून म्हणते, "तेरेच बेटे की बंडी में जाती ना सब रुई. उसकोच बोल, जरा धीरे हाक."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. किल्ली घेतली.

ते अकोल्याले चालले. तिकडून आगगाडीचा लोखंडी रस्ता येऊन राहिला, त्याच्या मातीकामावर. मागाची लाकडं मा.नं आपल्याच बंडीत टाकली, कापसाच्या बोज्यांवर. तो तसाही अकोल्याकडूनच जाते. विणकराचा माग कापसावर बसून गेला.

वद्य ५

लग्न होऊन आली ते दिराच्या पडवीत राहिली. मंग मालक गेले तेव्हा बंडीखाली झोपलो, मी अन् मा. मंग अडत्याच्या गोदामामागचं छप्पर. त्याले दार होतं, पण कडी बाहेरून. अडत्याचा माणूस लावे अन् काढे.

या पुढच्या खोलीले कडी आतून आहे. मी लावून पाहिली. काढली. परत लावली. गंगा बाहेरून म्हणे, आत्याबाई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तू तुझं काम कर.

पुढची खोली माझी. मा. अन् गंगा मागं. हे सांगून टाकलं.

वद्य ९

शेवंता तेलीण आली, शेजारची. पाय आत टाकायच्या आधी नाक आत. म्हणे, "वास्तू केली का वं? कोंबडं देलं का? मोमिनाचं घर होतं."

म्हटलं, आमच्या मार्गात कोंबडं नसते. देवही एकच असते.

म्हणे, "मंग घर शुद्ध कसं होईल?"

म्हटलं, शेणानं. शेण आहे का तुझ्याकडं? तर पाठव.

पाठवलं तिनं. बाई बरी आहे, जीभ लांब आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ३

कवेलू फेरणं चालू. मा. वर, गंगा शिडीवर, मी खाली. फुटलेले वेगळे, चांगले वेगळे. वरून चिमणीचं घरटं पडलं, ते सारं रुईचं. काडी एक नाही. चिमण्याही श्रीमंत झाल्या.

मा. घरी थोडे दिवसच राहते. बंडी उभी राहिली की त्याच्या पोटात दुखते. म्हणे, माय, हा हंगाम परत येणार नाही. ते त्याचं खरं आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ८

पुढची भिंत पोट सुटलेली तेवढी पाडून परत घेतली. जुन्या गढीच्या पडक्यातून पांढरी माती आणली. भिंतीले पांढरीच लागते, ती घट्ट बसते. आत भुसा अन् शेण. गंगेनं पायानं तुडवली. पोरीचे पाय चांगले आहेत. शेतावरची आहे, माती तिले कळते. तोंडावर सांगत नाही मी हे.

पांढऱ्या मातीचा पोतारा मी केला. हात पुरला तेथवर. वरचं गंगेनं.

खड्ड्याजवळच्या भिंतीत एक कोनाडा आहे, अगदी जमिनीलगत. काजळीनं काळा. बसल्या माणसाच्या हाताशी दिवा यावा म्हणून. उभ्या माणसाले काही कामाचा नाही. पोतारून घेतला तरी काळं वर येते.

मार्गशीर्ष पौर्णिमा

खड्ड्यावर फळ्या टाकून वर चटई टाकली आहे. खोली अर्धीच वापरता येते. बाज खड्ड्यापलीकडं, संदूक अलीकडं. रोज फेरा मारून जा. माझ्या घरात मीच पाहुणी.

काठ पाहिला आज फळी उचलून. जिथं मांडी टेकते तिथं माती नुसती गुळगुळीत. हात फिरवला तर दगडासारखी. किती वर्षं बसले असतील.

मार्गशीर्ष वद्य ६

पडली.

डोक्यावर घागर, दारातून सरळ आत आली, चटईवर पाय देला तर खाली फळी नाही. घागर फुटली, मी खड्ड्यात. पाणी सारं माझ्यावर. गंगा धावत आली, मले पाहून आधी हसली मंग रडली. फळी कोणी काढली म्हणून मी ओरडली. मंग आठवलं. मीच काढली होती काल, चुलीमागं लाकडं ठेवायले.

घोटा सुजला. हळद लावली. शेवंता पाहून गेली, साऱ्या बोळीत सांगून आली.

वद्य ७

मा. अकोल्याहून आला. मी बाजेवरूनच सांगतलं, खड्डा भर. आजच.

"माय, त्या बुढीनं सांगतलं होतं ना."

"तिचा पाय सुजला का?"

त्यानं डोक्याचं फडकं सोडून खुंटीले लावलं.

मुरूम टेकडीचा, दिवसभराचं काम. काळी माती वेशीबाहेर वावरातच. येताना बंडी रिकामी येते, मंग भरून आणायले काय जाते. मी म्हटलं, काळी आण.

गंगा चुलीपासून म्हणे, "आत्याबाई, काळी फुगते. घरात नाही टाकत आमच्याकडं."

मी म्हटलं, "हे तुझ्या बापाचं वावर नाही. ज्या मातीतून साऱ्या वऱ्हाडाच्या बायकांच्या अंगावर सोनं चढून राहिलं, तिच्यानं एक खड्डा भरणार नाही?"

तिनं चुलीत फुंकर घातली. मी साऱ्यांले गप्प करते. येते मले ते.

वद्य ११

भरला. मा.नं अन् गंगेनं धुम्मसनं ठोकला. वर सारवण केलं. आता खोली एकसारखी आहे, दारापासून भिंतीपर्यंत. बाज मधोमध घेतली. कडी लावून बसली. पाय दुखते, पण बरं वाटलं.

पौष शुद्ध १०

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायसारखं काही नाही, ते बरं असते. मा. बंडीवर. त्यानं तिसरी बंडी घेतो म्हटलं. मी म्हटलं, आधी अंगणाले काड्यांचा कुड घाल. घातला.

संक्रांतीले बोळीतल्या बायका आल्या. पुढच्या खोलीत बसवल्या. सगळ्या मावल्या. एक म्हणे, "इथीच होता ना तो खड्डा? कळतही नाही." मी म्हटलं, कळू नये म्हणूनच भरतात.

माघ वद्य २

अवकाळी पाणी. दोन रात्री सारखं. उघड्यावरचा कापूस भिजला, बाजारात रडारड. मा.चे बोजे झाकलेले होते, वाचले.

कवेलू कुठंच गळले नाही. पण बोळीतलं पाणी उंबऱ्याखालून शिरलं पुढच्या खोलीत. जिरलं.

माघ वद्य ५

जमीन वर आली. खड्ड्याची जागा फुगली, परातीत उलटी भाकर ठेवावी तशी. बाज हलते. खोली गरवार बाईसारखी दिसते.

गंगा पाहून गेली. पदर तोंडात होता.

माघ वद्य १०

मा.नं ठोकून खाली बसवायची म्हटलं. बसते कुठं. जशी ठोकावी तशी बाजूनं वर येते. सोडून देलं.

फाल्गुन शुद्ध ९

ऊन तापलं तशी खाली बसली. आज सारवायले बसली तर भेग. खोलीच्या मधोमध, चौकोनी. चारी कोपरे सरळ. जसा खड्डा होता तसाच, आखून ठेवल्यासारखा.

शेण लिंपून बुजवली.

फाल्गुन पौर्णिमा

होळी. भेग परत. बोट जाते आत. परत बुजवली.

फाल्गुन वद्य ४

परत.

शेवंता आली, पाहिलं, कपाळाले हात लावला. "हाय लागली वं. विणकराची हाय. पीराले चादर चढव, नाहीतर घर खाईल."

मी म्हटलं, हाय नाही, काळी माती आहे. पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. वावरात फाटते तेव्हा कोणाची हाय लागते?

"मंग टाकली कावून?"

मी म्हटलं, तुझ्या घाण्याचा बैल मोकळा सुटला, जाऊन पाहा. सुटला नव्हता. पण गेली.

दुपारी दोन बाया आणखी पाहायले आल्या. मी चटई टाकून तिच्यावर बसून घेतलं. पाहा म्हटलं, मले पाहा.

शके १७८७, चैत्र शुद्ध १

पाडवा. गुढी दारात. मा. बाजारातून आला, तोंड उतरलेलं. कापूस उतरून राहिला. रोज थोडा थोडा. अडते एकमेकांकडं पाहत नाहीत म्हणे. तिसऱ्या बंडीचं नाव काढलं नाही.

चैत्र वद्य ७

आता म्हणतात लढाई संपली साहेब लोकांची. तिकडचा कापूस विलायतेले परत सुरू. ज्यांनी दाबून ठेवला होता ते बोज्यांवर बसून आहेत, कोणी घेत नाही. पेठेत रुई स्वस्त झाली.

रुई स्वस्त झाली, हे लिहिलं. ते शब्द आधी कोणाच्या तोंडून ऐकले ते आठवलं.

वैशाख शुद्ध ५

मा. अकोल्याची खेप करून आला, निम्मी बंडी भरली होती. जेवता जेवता म्हणे, इस्माईल भेटला, लोखंडी रस्त्याच्या कामावर. डोक्यावर टोपलं. आधी ओळखलाच नाही, उन्हानं काळा पडला.

काय म्हणे तो?

"परत येतो म्हने. सूत मिळून राहिलं आता. इचारत होता."

काय इचारत होता?

मा. भाताशी खेळत राहिला. "खड्डा आहे ना, म्हने. मी हाव म्हटलं."

मी ताट सरकवलं. "तू हाव म्हटलं कावून? आहे का खड्डा? दाखव मले."

"माय, तो माती वाहून राहिला होता. विणकराचा हात आहे, बोटं बाईसारखी होती त्याची. फोड आले होते. माझ्यानं नाही म्हनवलं नाही."

मी म्हटलं, मी कोणाले शब्द देला नव्हता. तो म्हणे, मी कुठं म्हनतो देला होता.

जेवला नाही मंग. मीही नाही. गंगेनं दोन्ही ताटं उचलली.

वैशाख शुद्ध ६

विचार केला. खोली माझी आहे. या वयात एक दार आतून लावता येते. त्यात माग आला तर दिवसभर खट खट, दिवसभर माणूस, त्याची बायको सूत भरायले, म्हातारी काठावर. मंग मी कुठं? मागं चुलीजवळ, सुनेच्या पायात. परत पडवी.

नाही म्हणायचं. साधं आहे. घर विकत घेतलं, खड्ड्यासकट. खड्ड्याचं काय करायचं ते माझं मी पाहीन.

गंगेनं न इचारता सांगतलं, "दिवसा त्याचा माग, रात्री तुमची कडी. नाही का जमत आत्याबाई?"

मी म्हटलं, तुले कोणी इचारलं? ती म्हणे, काळीच्या वेळी इचारलं नव्हतं, तेव्हा सांगतलं होतं.

पोरीची जीभ वाढून राहिली. माझ्याच घरात राहते, काय करेल.

वैशाख वद्य ३

आले. मा.च्याच बंडीतून, लाकडं घेऊन. इस्माईल अन् त्याची बायको बोळीच्या तोंडाशी उभे राहिले. म्हातारी एकटी दारात आली. वाळली आहे. मी या म्हटलं. पाणी देलं.

तिनं खोलीत पाहिलं. भिंतीकडं पाहिलं, पोतारा पाहिला, म्हणे, "अच्छा किया." मंग खाली पाहिलं. मी चटई सरकवली नाही. तिनं सरकवली. भेगेजवळ बसली, त्या चौकोनाच्या एका बाजूनं बोट फिरवलं, जसं कोणी पाटीवर रेघ काढते.

मी तयार होती. म्हणेल ते म्हणू दे, माझ्याजवळही जीभ आहे.

ती हसली. "काली भरी?"

हाव म्हटलं.

"अरे बाई. काली कोई भरता क्या घर में? हम वहाँ सड़क पे काली काढ काढ के फेकते थे. साहेब काली पर एक रूळ नहीं रखता, बोलता सब टेढ़ा होता. नीचे तक निकाल, फिर मुरूम भर. थोड़ा थोड़ा, पानी मार, धुम्मस मार. फिर जिंदगी भर नहीं फटती."

बस. एवढंच. खड्डा कावून भरला ते इचारलं नाही. राहू देतेस का तेही नाही. पाण्याचा गडवा पालथा घातला अन् गेली.

माझी सारी वाक्यं तशीच राहिली तोंडात.

वैशाख वद्य ४

ते मशिदीच्या पडवीत उतरले. शेवंतेनं सांगतलं. मागाची लाकडं तिथंच भिंतीले टेकवून ठेवली आहेत. नवी जागा पाहून राहिले. बोळीतली सारी घरं आता गाडीवानांनी अन् दलालांच्या माणसांनी भरली आहेत. आमच्यासारख्यांनी.

पडवीले कडी नसते. ते मले कोणी सांगायले नको.

वैशाख वद्य ८

मा.ले म्हटलं, मुरूम आण टेकडीवरून. बंड्या तशाही उभ्याच आहेत.

"भरायचा?"

"फाटकी जमीन ठेवू का? मिरग जवळ आला. परत पाणी शिरलं तर परत फुगेल. मी काय रोज सारवत बसू?"

"अन् ते?"

"ते काय. तिनंच सांगतलं मुरूम भर म्हणून."

मा.नं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी बंडीखाली झोपायचो तेव्हा पाहायचा तसं. मी म्हटलं, जा, बैलांले पाणी पाज.

वैशाख अमावास्या

काळी खंदायले माणूस पाहिजे. मा.ची कंबर धरली आहे. बोळीत इचारलं, कोणी मिळत नाही. गंगा म्हणे, इस्माईल आहे ना. आता मातीकामच करते तो.

हे तिनं मुद्दाम म्हटलं का, मले कळत नाही. मी म्हटलं, बोलव.

ज्येष्ठ शुद्ध २

इस्माईल सकाळीच आला. सब्बल अन् टोपलं त्याचं स्वतःचं. भेगेवरच सब्बल घातली, चौकोनाच्या आतून. एक ढेकूळ बाहेरचं काढलं नाही. काळी वर आली, ओली, खाली अजून माघातलं पाणी धरून होती. गंगा टोपली नेऊन अंगणात टाके. मी दारात बसून पाहत होती. काम चांगलं करते. पण विणकराचं अंग, दोन टोपल्यांनंतर हातांकडं पाहते.

मी म्हटलं, तिकडं काम कसं होतं?

म्हणे, "काम तो काम है बाई. खाली पाँव लटकाने को जगह नहीं थी."

हसला. मीही हसली, इलाज नव्हता.

ज्येष्ठ शुद्ध ३

दुपारपर्यंत तळ लागला. काठ तसाच निघाला. मले वाटलं होतं धुम्मसनं मोडला असेल. नाही मोडला. तीच गुळगुळीत जागा. घागरीचं एक खापरही निघालं तळातून, माझ्या. गंगेनं ते कोनाड्यात ठेवलं. कशाले, म्हटलं. म्हणे, असू द्या.

इस्माईलनं सब्बल ठेवली, घाम पुसला अन् बसला. काठावर, पाय आत सोडून. त्यानं ते करायचं म्हणून केलं नाही. थकलेला माणूस जिथं बसायची सवय आहे तिथं बसते. हात आपोआप मांडीपुढं आले, जसा माग असावा. मंग त्याले कळलं आपण कुठं आहो ते. माझ्याकडं पाहून उठायले लागला.

बस, म्हटलं. पाणी पिऊन घे.

तेवढ्यात बोळीत बंडी वाजली. मा. मुरूम घेऊन आला, बंडी गच्च भरलेली. मागून रहिमनबीही आली, पोराची भाकर घेऊन. दारात थांबली. आत आली नाही. शेवंता कुडावरून पाहत होती, अजून पाहूनच राहिली असेल.

मा. उतरला. खड्ड्यात पाहिलं, खड्ड्यात बसलेल्याले पाहिलं, मले पाहिलं.

"माय, ओतू का?"

कडी मी पोतारताना चांगली घासली होती, चमकून राहिली होती दारावर.

मी म्हटलं, मुरूम राहू दे बंडीत, आधी बैल सोड. ऊन लय आहे.